गोंगाटाचे अर्थकारण

‘पोट कसे भरशील?’ हा प्रश्न अर्थशास्त्राच्या अध्यापकाने विचारला तर त्यात नवल नाही. गिटार घेऊन मुंबईस जाऊ पाहणाऱ्या एका विद्यार्थ्यास मी तो नुकताच विचारला. त्याने उत्तरादाखल ‘डेमॉनिक रिसरेक्शन’ या मुंबईच्या मेटल बँडचे नाव घेतले. गिटारींचा जडावलेला कर्कश नाद, ढोलांचा अखंड मारा आणि गायनाऐवजी डरकाळी असे या संगीताचे स्वरूप आहे. मला तो बव्हंशी गोंगाटच वाटतो. परंतु या बँडची वाटचाल पाहिल्यावर माझ्या प्रश्नातला तोरा उतरला, हे कबूल केले पाहिजे.

साहिल मखीजा यांनी २००० साली हा बँड काढला. सहकारी बदलत गेले, मखीजा टिकून राहिले. त्यांचा २०१० चा संग्रह ‘कँडललाइट’ या ब्रिटिश कंपनीने जगभर काढला. २०१७ चा संग्रह तर चक्क विष्णूच्या दशावतारांवर बेतलेला आहे. तरीही घर चालवावयास हे पुरेसे नव्हते. मखीजांनी ध्वनिमुद्रिकांची स्वतःची कंपनी काढली, शिवाय ‘हेडबँगर्स किचन’ या नावाने यूट्यूबवर पाककृती दाखवावयास आरंभ केला. त्यांचे नाव मेटल न ऐकणाऱ्या अनेकांपर्यंत पोचले ते या स्वयंपाकघरातून. माझ्या प्रश्नाचे इतके शब्दशः उत्तर मला अपेक्षित नव्हते!

बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली दाखवून दिले की, कारखान्यात दरडोई उत्पादन वाढत जाते, वादकांचे मात्र वाढत नाही. चौघांनी वाजवावयाची रचना शंभर वर्षांनीही चौघांनाच वाजवावी लागते. म्हणून कला सदैव तोट्याकडे झुकते. ‘चांगले असेल तर खपेलच’ हे आपले लाडके वाक्य येथे निरुपयोगी ठरते.

अमेरिकेतील ‘मेल्विन्स’ हा बँडही असाच. वॉशिंग्टन राज्यातील माँटेसानो या लाकूडतोडीवर जगणाऱ्या लहानशा गावात तो १९८३ साली जन्मला. त्याचे वादन ऐकत वाढलेल्या शेजारगावच्या कर्ट कोबेनचा ‘निर्वाणा’ बँड जगभर गाजला, तेव्हा ‘अटलांटिक’ या बड्या कंपनीने मेल्विन्सलाही जवळ केले. १९९३ ते १९९६ या काळात तीन संग्रह निघाले. खप होईना, म्हणून कंपनीने हात काढून घेतला. बँड मात्र छोट्या कंपनीच्या आश्रयाने चालत राहिला. २०१२ साली तर तिघांच्या ताफ्यानिशी त्याने ५१ दिवसांत ५१ कार्यक्रम केले. खर्च आटोपशीर ठेवणे हेच त्याचे भांडवल.

वाशीमकरांनी तरी खपावरून कलेचे मोल ठरवू नये. वत्सगुल्माच्या वाकाटक राजा सर्वसेनाचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या साहित्यशास्त्रज्ञांनी त्याची दखल घेतली म्हणून ते आपणांस ठाऊक आहे. कोबेनमुळे मेल्विन्सचे नाव ऐकणाऱ्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही.

अनुदानाची मागणी मी करीत नाही. अशा मुलांना हवी असते स्वस्त जागा. मुंबईत १९८६ साली ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला तो रंगभवनाच्या खुल्या मंचावर. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तेथील गाणे थांबले. इस्पितळाशेजारी शांतता हवीच, त्याविषयी वाद नाही. पण एक मंच गेला तर दुसरा कोठे, हा प्रश्न कोणी विचारला? आपल्याकडे वरातीतील डीजेपुढे सारे मुकाट असतात आणि खोलीत सराव करणाऱ्या चार पोरांना मात्र घरमालक बाहेर काढतो. (वरातीचे बिल यजमान भरतो, हा फरक अर्थशास्त्रीय खरा!)

आमच्या महाविद्यालयाचे सभागृह वस्तीपासून दूर आहे आणि सायंकाळी पाचनंतर त्यास कुलूप असते. विजेचा खर्च भरून आठवड्यातून दोन दिवस ते मुलांना मिळावे, असा अर्ज मी केला आहे. अर्जावर त्या विद्यार्थ्याचीही सही आहे. तूर्त त्याने बी. कॉम.चे वर्ष पुरे करावयाचे ठरविले असून मुंबईचा बेत पुढे ढकलला आहे. सभागृहाची किल्ली अद्याप मिळालेली नाही.