विश्वसूत्राच्या थट्टेचे समर्थन
सारे विश्व एका ओळीत बसवणाऱ्या सूत्राची थट्टा गणितज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. तिच्यावर दोन आक्षेप घेता येतात. निसर्गनियमांचे एकीकरण ही विज्ञानाची सर्वांत मोठी आकांक्षा असल्याने तिच्यावर विनोद करणे म्हणजे तिची विटंबना, हा पहिला. विनोदाने ज्ञानात भर पडत नाही, फार तर वर्गातला कंटाळा जातो, हा दुसरा. दोन्ही आक्षेप तपासले असता टिकत नाहीत.

रिचर्ड फाइनमन यांच्या कॅलटेकमधील व्याख्यानांच्या दुसऱ्या खंडात (१९६४) असे एक विश्वसूत्र आहे : यू = ०. त्याची घडण सोपी आहे. न्यूटनच्या नियमानुसार बल हे वस्तुमान आणि त्वरण यांच्या गुणाकाराएवढे असते. म्हणजे दोहोंतील फरक शून्य आणि फरकाचा वर्गही शून्य. विद्युतचुंबकत्वाच्या, गुरुत्वाकर्षणाच्या, ज्ञात असलेल्या प्रत्येक नियमाचा असाच वर्ग करावा आणि सर्वांची बेरीज करून तिला ‘यू’ म्हणावे. वर्ग ऋण नसतात, म्हणून बेरीज शून्य यायची तर प्रत्येक पद शून्य असावेच लागते. तर्कात कुठेही खोट नाही. तरीही हाती काही लागत नाही, कारण एखादे साधे गणित सोडवायचे म्हटले तरी ‘यू’ उकलून मूळ नियमांकडेच परतावे लागते. दहा पोथ्या एका रुमालात बांधल्याने त्यांचा एक ग्रंथ होत नाही.

हा विनोद येतो कुठे, हे पाहिले की पहिला आक्षेप गळून पडतो. तो येतो विद्युतगतिकीची सापेक्षतावादी मांडणी शिकवणाऱ्या प्रकरणात. चार घटकांचे सदिश वापरले की मॅक्सवेलची समीकरणे अतिशय आटोपशीर होतात. ही आटोपशीर मांडणीही नुसती बांधाबांध तर नाही ना, अशी शंका कोणत्याही चांगल्या विद्यार्थ्याला येणार. तसे नाही, हे फाइनमन ‘यू’शी तुलना करून दाखवतात. चतुःसदिशांची लिपी चालते, कारण एकसमान वेगाने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांसाठी निसर्गनियमांचे रूप तेच राहते, आणि ही गोष्ट प्रयोगाने पारखता येते. ‘यू’मागे अशी कोणतीही वस्तुस्थिती नाही. खऱ्या एकीकरणाचा मान थट्टा राखते. नकली तेवढे वेगळे काढते.

जेफ टपर यांचे २००१ मधील सूत्र आणखी एक भ्रम दूर करते. लहानशी असमता आणि ५४३ अंकी एक संख्या घेतली की आलेखाच्या ठरावीक पट्टीत त्या असमतेचेच चित्र उमटते. प्रथमदर्शनी हे थक्क करणारे वाटते. पण १०६ × १७ चौकटींत बसणारे कोणतेही काळेपांढरे चित्र त्याच आलेखात कुठे ना कुठे असतेच; सारी माहिती त्या प्रचंड संख्येत भरलेली असते. ज्यात सर्व काही सापडते त्या सूत्राने काहीच नाकारलेले नसते, आणि ज्याने काही नाकारले नाही त्याने काही सांगितलेही नाही.

दुसऱ्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. १९५३ मध्ये फ्रीमन डायसन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेसॉन व प्रोटॉन यांच्या विकिरणाचे गणित मांडले. एन्रिको फर्मी यांच्या प्रयोगांतील आकड्यांशी ते चांगले जुळत होते. गणितात मनाने घातलेले स्थिरांक, म्हणजे प्राचल, किती, असे फर्मींनी विचारले. उत्तर आले, चार. त्यावर फर्मींनी जॉन फॉन नॉयमन यांचा विनोद ऐकवला : चार प्राचल दिले तर हत्ती काढता येतो, पाचवा दिला तर त्याची सोंडही हलते. डायसन यांनी ती दिशा सोडली, आणि निर्णय योग्य होता असे २००४ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिले, कारण क्वार्क माहीत नसताना ते गणित यशस्वी होणे शक्यच नव्हते. एका विनोदाने तरुण संशोधकांची कित्येक वर्षे वाचवली, याहून मोठी उपयुक्तता कोणती? (२०१० मध्ये खरोखरच चार संख्यांतून हत्ती काढला गेला. त्या संमिश्र संख्या होत्या, म्हणजे प्रत्येकीत दोन वास्तव संख्या. एवढी सवलत फॉन नॉयमन यांनी दिली असती की नाही, हा प्रश्न उरतो.)

अर्थात प्रत्येक थट्टा समर्थनीय नाही. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्या दरबारात ऑयलर यांनी एक निरर्थक बैजिक सूत्र फेकून त्यावरून ईश्वर सिद्ध केला आणि फ्रेंच तत्त्वज्ञ दिदरो निरुत्तर झाले, ही कथा लोकप्रिय असली तरी अविश्वसनीय आहे. दिदरोंनी १७४८ मध्ये गणितावर निबंध प्रसिद्ध केले होते. बीजगणिताला बिचकणारे ते गृहस्थ नव्हते. कथा खरी असती तरी ती निंद्यच ठरती. चिन्हांचा धाक घालून प्रश्न दाबणे आणि चिन्हांआड काय दडले आहे ते उघड करणे, या परस्परविरुद्ध गोष्टी आहेत.

फर्मींचा प्रश्न आजही लागू पडतो. कणभौतिकीच्या स्टँडर्ड मॉडेलचे समीकरण थोडक्यात लिहून कपांवर आणि टी-शर्टांवर छापले जाते. हे मॉडेल असंख्य प्रयोगांच्या कसोटीला उतरले आहे. त्याची योग्यता वादातीत आहे. मात्र न्यूट्रिनोंची वस्तुमाने बाजूला ठेवली तरी त्यातील १९ प्राचलांची मूल्ये मोजमापातूनच घ्यावी लागतात, आणि गुरुत्वाकर्षण त्यात नाही.