रक्तसाक्षी आणि दाखला

ख्रिस्ती रक्तसाक्ष्यांचा विषय निघाला की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक बाहेरचा. तो म्हणतो, रोमन देवतांपुढे चिमूटभर धूप टाकून सुटका होत असताना मान पुढे करणं ही श्रद्धा नव्हे, दुराग्रह. आणि तुमच्या इथल्या लोकांनी धर्म बदलला तो कशासाठी, हे आम्हाला ठाऊक आहे : गव्हासाठी, शाळेसाठी, सवलतींसाठी. दुसरा आवाज घरातला, मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात कुजबुजणारा. रक्तसाक्ष्यांनी प्राण दिले आणि आपल्यातले काही जण जातीच्या दाखल्यावर ‘हिंदू’ लिहून मोकळे होतात; यांना कसलं कॅथोलिक म्हणायचं?

दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण गृहीतक एकच आहे. दोघेही श्रद्धा कसोटीच्या एका क्षणावर तोलतात. पहिल्याला त्या क्षणी वेडेपणा दिसतो, दुसऱ्याला पराक्रम. हे गृहीतकच चूक आहे, असं माझं म्हणणं आहे आणि त्यासाठी मी एका रक्तसाक्ष्यालाच साक्षीला बोलावतो : कार्थेजचा बिशप संत सिप्रियन. आजच्या ट्युनिशियाच्या किनाऱ्यावरच्या त्या शहरात १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

पण कथा सुरू होते ती आठ वर्षं आधी, एका दाखल्यापासून. सम्राट डेशियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या प्रत्येकाने सरकारी मंडळासमोर देवतांना बळी द्यावा, प्रसाद चाखावा आणि तसं प्रमाणपत्र घ्यावं. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून अधिक दाखले पपायरसवर लिहिलेले सापडले आहेत. मजकूर ठरावीक : अर्जदार सांगतो की तो पूर्वीपासून देवांना भजत आला आहे, आताही त्याने मंडळासमोर विधी केला आहे, तरी तसं प्रमाणित व्हावं. खाली पाहणाऱ्याची सही आणि तारीख. आपल्या तहसील कचेरीतल्या कारकुनालाही ओळखीचा वाटावा असा नमुना.

रोमचा बिशप फेबियन २० जानेवारी २५० रोजी मारला गेला. कार्थेजमध्ये मात्र ख्रिस्ती लोकांची रांगच लागली. काहींनी खरोखर बळी दिला, काहींनी पैसे चारून नुसता कागद मिळवला. आणि सिप्रियन? तो शहर सोडून लपला. रोमच्या धर्मगुरूंनी कार्थेजच्या धर्मगुरूंना त्याला टोचणारं पत्र लिहिलं. मेंढपाळ पळाला, असाच त्यांचा रोख होता. लपल्या जागेवरून सिप्रियन पत्रांनी कारभार पाहत राहिला, तुरुंगातल्यांसाठी आणि गोरगरिबांसाठी पैसे पाठवत राहिला.

आता पहिल्या आक्षेपाकडे येऊ. मरणाचं वेड असलेला माणूस लपत नाही. छळ दुसऱ्यांदा आला तेव्हा याच सिप्रियनने शेवटच्या पत्रात बजावलं की कोणी आपण होऊन अधिकाऱ्यांच्या हवाली होऊ नये. इ. स. २५७ मध्ये प्रांताधिकाऱ्याने त्याला हाताखालच्या धर्मगुरूंची नावं विचारली. त्याचं उत्तर वकिली थाटाचं होतं : तुमचेच कायदे चहाडी करायला मनाई करतात, तेव्हा नावं माझ्याकडून मिळणार नाहीत. दुराग्रही माणूस इतरांनाही आपल्यासोबत ओढतो; हा इतरांना वाचवत होता. आणि वधाच्या जागी उभं राहिल्यावर त्याने मारेकऱ्याला पंचवीस सोन्याची नाणी द्यायला सांगितलं. याला दुराग्रह म्हणायचं असेल, तर त्यात द्वेष कुठे आहे तेही दाखवावं लागेल.

सवलतींच्या आरोपाचा निकाल तर पुण्याच्या येरवड्यातच लागतो. याच गावच्या तुरुंगात गांधीजींनी सप्टेंबर १९३२ मध्ये उपोषण केलं, २४ तारखेला पुणे करार झाला आणि प्रांतिक विधिमंडळांत दलितांसाठी १४८ राखीव जागा ठरल्या. पुढे १९३६ च्या आदेशाने सांगून टाकलं की भारतीय ख्रिस्ती अनुसूचित जातीत मोडणार नाही. स्वतंत्र भारतात १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद तेच म्हणतो. शीख १९५६ मध्ये आत आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित अजून बाहेर. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या ज्या महार-मांग कुटुंबांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पोरांनी सवलत कमावली नाही, गमावली. अनुसूचित जातीच्या राखीव जागा गेल्या, अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं कवचही गेलं. सवलतींसाठी बाटले म्हणणाऱ्याने हा हिशेब एकदा करून पाहावा.

इथेच घरातला आवाज उसळतो : मग दाखल्यावर हिंदू लिहिणाऱ्याचं तुम्ही समर्थन करता? नाही. कायद्याच्या नजरेत ती फसवणूक आहे. पुदुच्चेरीच्या एका ख्रिस्ती महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हे निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं. पण कार्थेजच्या रांगेत आणि आपल्या रांगेत एक फरक आहे. रोम विचारत होता, तुझा देव कोणता? आपलं सरकार विचारतं, तुझी जात कोणती? आणि उत्तराला धर्माची अट जोडतं. बाप्तिस्म्याने गावाच्या नजरेतली जात जात नाही, हे गावाला ठाऊक आहे. दाखला घेणारा एकाच ओळीत एक खरं आणि एक खोटं लिहितो. खोट्याचा जाब त्याला द्यावा लागेलच. पण खरं त्याच्याकडून हिरावून घेणाऱ्यालाही जाब विचारायला हवा.

आणि त्या खोट्यामुळे तो कॅथोलिक उरला नाही, हा निर्णय कोणाचा? सिप्रियन परतला तेव्हा त्याच्यासमोर नेमका हाच पेच होता. कार्थेजमधला एक गट म्हणत होता, सगळ्यांना परत घ्या, विचारपूस कशाला? छळ सोसलेले काही तुरुंगवासी तर माफीच्या चिठ्ठ्याच वाटत सुटले होते. रोममध्ये नोव्हेशियनचा गट म्हणत होता, पडला तो कायमचा गेला. इ. स. २५१ च्या धर्मसभेत सिप्रियनने दोन्ही वाटा नाकारल्या. नुसता कागद घेतलेल्यांना पश्चात्ताप पाहून, एकेकाची हकीकत ऐकून परत घेतलं. बळी दिलेल्यांना दीर्घ प्रायश्चित्त सांगितलं आणि नव्या छळाची चाहूल लागताच पश्चात्ताप केलेल्यांना पुन्हा वेदीशी आणलं. पडलेल्याला सावरण्याचं काम रक्तसाक्ष्याच्या पराक्रमावर सोपवलं नाही. ते ख्रिस्तसभेने एकत्र बसून, नियमाने आणि दयेने केलं.

माझ्या लेखी कॅथोलिक श्रद्धेचा अर्थ इथे आहे. ती शूरांची पलटण नाही. तिच्यात साक्षीची किंमत कमी होत नाही, कारण पडणं हे पडणंच मानलं जातं. तिच्यात पडलेल्याची जागाही रद्द होत नाही, कारण परतीची वाट उघडी असते. पहिली युखरिस्त प्रार्थना म्हटली जाते तेव्हा तिच्यात कर्नेलियस आणि सिप्रियन ही दोन नावं जोडीने येतात. नोव्हेशियनच्या विरोधात परत येणाऱ्यांना जवळ घेणारा पोप आणि त्याला साथ देणारा बिशप. दोघांचा सणही एकच, १६ सप्टेंबर. वेदीवर कोणाची आठवण ठेवायची, हे ख्रिस्तसभेने त्या निवडीतून सांगितलं आहे.

हाच न्याय मग ख्रिस्तसभेलाही लागू होतो. दलित ख्रिस्त्यांना तिच्यातही भेदभाव सोसावा लागतो, हे भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात कबूल केलं. ज्यांच्या घरात ही कबुली द्यावी लागते, त्यांनी दुसऱ्याच्या दाखल्यावर बोट ठेवताना जपून राहावं. पुण्याच्या नगर रस्त्यावर १९५५ साली कँडीहून पेपल सेमिनरी आली तेव्हापासून देशभरचे भावी धर्मगुरू या परिसरात शिकून जातात. त्यांच्या प्रवचनांत रक्तसाक्षी सिप्रियन येत असेल, तर लपलेला आणि पडलेल्यांना परत घेणारा सिप्रियनही यायला हवा.

राहिली मागणी. ती दोन ठिकाणी करायची आहे. दिल्लीकडे : तिसरा परिच्छेद काढा, म्हणजे माणसाला जात खरी सांगण्यासाठी धर्म खोटा सांगावा लागणार नाही. आणि आपल्या धर्मग्रामाकडे : कागद पाहून कोणाची श्रद्धा मोजू नका. जो कोणी आपला कागद खरा करायला निघेल, त्याची नोकरी किंवा मुलाचा प्रवेश धोक्यात आला तर त्याचा भार सगळ्यांनी मिळून उचला. सिप्रियन लपल्या जागेवरूनही तुरुंगातल्यांचा खर्च पाहत होता. एवढं करायची तयारी नसेल, तर त्याचं नाव घेऊन दुसऱ्याकडे साक्ष मागण्याचा अधिकार आपल्याला नाही.