जादा पेट्रोल कुणाला?

श्रीलंकेत २०२२च्या जुलैअखेर पेट्रोलचं रेशनिंग क्यूआर कोडवर आलं. आठवड्याला मोटरसायकलला ४ लिटर, तीनचाकी रिक्षाला ५ आणि मोटारीला २०. पंपावरचा पोरगा मोबाइलने कोड टिपणार, कोटा शिल्लक असेल तरच नळी उचलणार. मैलोगणती रांगा यामुळेच आटोक्यात आल्या, हे श्रेय द्यायलाच हवं.

पण हे वाटप कामाकडे बघून नव्हतं, चाकांकडे बघून होतं. तिथल्या बहुतेक रिक्षा आपल्या बजाजच्याच. दिवसभर भाडं मारणाऱ्या कुठल्याही रिक्षावाल्याला विचारा, ५ लिटर किती पुरतं? फार तर दोन दिवस. उरलेला आठवडा त्याने काय करायचं? शेजारच्या बंगल्यातली मोटार मात्र २० लिटरची धनी, मग ती रोज दवाखान्यात जावो की नुसती दारात उभी राहो.

त्याआधी जूनअखेरपासून दोन आठवडे तर इंधन फक्त ‘अत्यावश्यक सेवां’ना मिळत होतं: आरोग्य, बंदरं, अन्नवाहतूक, शेती वगैरे. अशा याद्यांवर माझा फारसा विश्वास नाही. हुद्दा कळतो, अंतर कळत नाही. इस्पितळाच्या आवारात राहणारा डॉक्टर यादीत बसतो. पहाटेच्या पाळीला वॉर्डातल्या आयाबाईंना आणून सोडणारा रिक्षावाला बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने हा प्रश्न जरा शहाणपणाने हाताळला होता. खरी टंचाई पेट्रोलपेक्षा रबराची होती. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानने घेतल्यावर टायर आणायचे कुठून? म्हणून गाड्याच कमी पळवायच्या. डिसेंबर १९४२पासून देशभर काचेवर ‘ए’ची चिठ्ठी, म्हणजे जेमतेम कोटा. जादा हवं असेल तर गावातल्या रेशन मंडळापुढे जायचं. मंडळावर गावचीच माणसं, बहुतेक बिनपगारी. घरापासून कारखाना किती लांब, बस आहे का, गाडीत आणखी कुणाला नेता का, असे प्रश्न. उत्तरं पटली तर ‘बी’. डॉक्टर वगैरेंना ‘सी’.

ओळखीपाळखी तिथेही चालल्याच असतील. आणि वरच्यांचं काय? त्याच वर्षी मे महिन्यात पूर्वेकडच्या राज्यांत रेशनिंग सुरू झालं, तेव्हा दोनशेहून अधिक लोकप्रतिनिधींनी हवं तेवढं पेट्रोल देणारं ‘एक्स’ कार्ड पदरात पाडून घेतलं. लोक खवळले, यात नवल ते काय! तरीही मला ते मंडळच बरं वाटतं. तिथे निदान माणसासमोर उभं राहून भांडता येतं. पंपावरच्या पोराशी भांडून काय मिळणार? त्याच्या हातात फक्त मोबाइल.

श्रीलंकेलाही पुढे प्रवासी वाहतुकीच्या नोंदणीकृत रिक्षांसाठी वेगळा, वाढीव कोटा ठरवावाच लागला. रिक्षा पोटासाठी चालते की घरच्या वापराची आहे, हा साधा प्रश्न पहिल्याच दिवशी अर्जात विचारता आला असता.