अणूंच्या गणिताला शेजारी प्रयोगशाळा हवी

राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये 6,003 कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून चर्चा होते ती किती क्यूबिटचा संगणक तयार होणार, एवढीच. हा डोलारा ज्या गणितावर उभा राहायचा, त्याची चौकशी फारशी कोणी करत नाही.

ती करायची तर कोलकात्याकडे पाहावे. बिधाननगरातील साहा इन्स्टिट्यूट आणि जादवपूरची इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या दोन्ही संस्थांत काम करताना सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ कृष्णेंदू सेनगुप्ता यांनी एक प्रश्न लावून धरला: समतोल ढळला की अतिशीत अणू कसे वागतात?

निरपेक्ष शून्याच्या अगदी जवळ नेलेले, क्यूबिट म्हणूनही वापरता येणारे हे अणू लेझरच्या जाळीत ट्रेमधल्या अंड्यांसारखे ओळीने बसतात. लेझरची तीव्रता एकदम बदलली की ही घडी मोडते आणि पुढचे गणित आवाक्याबाहेर जाते. प्रत्येकी दोनच अवस्था असलेले 50 अणू घेतले, तरी त्यांची एकत्रित स्थिती लिहायला सुमारे 11 कोटी कोटी आकडे लागतात. महासंगणकही तिथे अपुरा पडतो. म्हणून मोजके पण नेमके प्रारूप शोधावे लागते.

सुबीर सचदेव, सेनगुप्ता आणि स्टीव्हन गर्विन यांनी 2002 मध्ये असे एक प्रारूप मांडले. जाळी एका बाजूला कलती केली तर अणू कसे सरकतील, हे त्यात होते. त्याची पडताळणी 2011 मध्ये झाली, पण हार्वर्डला. तिथेच 2017 मध्ये 51 अणूंची एक साखळी विस्कटून जाण्याऐवजी पुन्हा पुन्हा मूळ रचनेकडे परतताना दिसली. त्या कोड्याचे गणितही 2002 च्या प्रारूपाच्याच घराण्यातले निघाले.

प्रारूपात भारतीय डोक्याचा वाटा असावा आणि प्रयोग मात्र परदेशात व्हावा, हे अटळ नाही.

पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेमध्ये प्रयोगकर्ते उमाकांत रापोल आणि सैद्धांतिक भौतिकीचे एम. एस. संथानम एकत्र आले. त्यांच्या गटाने अतिशीत अणूंना लेझरच्या जाळीचे अनियमित अंतराने झटके दिले. अणूंची पुंज-सुसंगती, म्हणजे त्यांच्या पुंज लहरींचा मेळ, अपेक्षेपेक्षा संथपणे ओसरते, हा त्यांचा निष्कर्ष 2017 मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये प्रसिद्ध झाला. प्रयोग आणि सिद्धान्त एकाच आवारात असले की काय साधते, ते इथे दिसले.

मिशनची मुदत 2030-31 पर्यंतच आहे, आणि 2002 च्या प्रारूपाला नुसत्या पडताळणीसाठी नऊ वर्षे थांबावे लागले. सरकारने कोलकात्याच्या सिद्धान्तकारांना पुणे-मुंबईच्या प्रयोगशाळांशी जोडावे आणि अशा जोडप्रकल्पांना किमान दहा वर्षांचा निधी द्यावा.