करवत, मोटार आणि कढी

साखळीची यांत्रिक करवत हा आमच्या वाचकभगिनींच्या आवडीचा विषय नव्हे, हें आम्ही जाणून आहों. तिचा कर्कश आवाज कानीं पडला कीं कोणाचें झाड गेलें हें पाहण्यासाठीं आपण खिडकीशीं धांवतों आणि त्या माणसाला मनांतल्या मनांत चार शब्द ऐकवितों. आम्हीही तेंच करीत होतों. परंतु १७ मे २०२१ रोजीं तौक्ते वादळ अरबी समुद्रांतून उत्तरेकडे गेलें, त्या दिवशीं आमच्या अंबरनाथच्या अंगणांतील जुना आंबा मुळासकट उलथून वाटेवर आडवा झाला. तो कापावयास तीन माणसें आलीं. येतांच त्यांनीं चहा मागितला नाहीं, "नगरपालिकेला कळविलें आहे ना?" असें विचारलें. शहरांतील झाडांच्या रक्षणाचा कायदा १९७५ सालीं झाला, हें त्यांच्या तोंडून ऐकून आम्ही काहींसे ओशाळलों. तेव्हांपासूनचा स्नेह अद्याप टिकून आहे.

या त्रिकुटाची बैठक रविवारीं सकाळीं उल्हासनगरच्या कॅम्प पांचमध्यें भरते. हा कॅम्प अंबरनाथला इतका लागून कीं एक शहर कोठें संपलें व दुसरें कोठें सुरू झालें, हें दुकानाच्या पाट्या वाचल्यावांचून कळत नाहीं. महायुद्धाच्या काळीं कल्याणजवळ सैनिकांसाठीं ही छावणी उभारली. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनीं तिला उल्हास नदीवरून उल्हासनगर हें नांव दिलें. 'कॅम्प' हा शब्द व त्याचा नंबर मात्र लोकांच्या तोंडून आजतागायत गेला नाहीं. बैठकीचे यजमान त्याच वर्षीं एका बराकींत जन्मले. त्यांची सारी हयात लांकडाच्या वखारींत गेली. सर्वजण त्यांना 'साईं' म्हणतात, आम्हीही म्हणतों. दुसरे अंबरनाथच्या एका कारखान्यांतून निवृत्त झालेले टर्नर. ते सर्वांचे काका. तिसरा बदलापूरकडचा तरुण बागाईतदार. तिशी उलटली तरी या घरांत त्याला अजून कोणी 'अहो' म्हणत नाहीं.

हे तिघे जमले म्हणजे करवतींविषयींच बोलत असतील, अशी आमची समजूत होती. करवतीविषयीं फार तर पांच मिनिटें बोलणें होतें. उरलेले दोन तास जुन्या मोटारी आणि घरचें जेवण यांत जातात.

साईंच्या दारीं एक पद्मिनी उभी असते. इटालियन फियाट ११०० या गाडीचें कुर्ल्याच्या कारखान्यांत वाढलेलें हें लेंकरूं १९७४ पासून पद्मिनी या नांवानें ओळखलें जाऊं लागलें. तिची काळीपिवळी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्यें कायमची गेली. काकांची निष्ठा अँबेसेडरवर. ती गाडी बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यांत २०१४ पर्यंत तयार होत होती. या दोन पंथांचा वाद शैव-वैष्णवांच्या वादाहून कमी कडवा नाहीं.

"साईं, तुमच्या गाडीला ढकलावयास चार माणसें लागतात, म्हणून तर तुम्ही आम्हांला जेवावयास बोलावतां."

"आणि काकांची गाडी वळवावयाची तर कर्जतपर्यंत जावें लागतें."

बागाईतदाराची गाडी नवी, संगणकानें चालणारी. तिचें टोपण उघडलें तर आंत काय पहावयाचें हेंच कळत नाहीं, असें दोघां वृद्धांचें मत. म्हणून त्याला या चर्चेंत मताधिकार नाहीं.

करवत आणि जुनी मोटार यांची सोयरीक कार्बुरेटरमुळें जुळते, हें आम्हांस तेथें समजलें. मोटारीच्या कार्बुरेटरांत पेट्रोलची लहानशी वाटी असते व तींत एक तरंगणारा गोळा. गाडी फार कलली कीं वाटींतलें पेट्रोलही कलतें आणि इंजिन अडखळतें. करवत तर आडवी, उभी, प्रसंगीं उलटीही धरावी लागते. म्हणून तिच्यांत वाटीऐवजीं एक लवचिक पडदा बसविलेला असतो. आतांच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें पाणी शोषून घेतें व जुन्या रबराला सोसत नाहीं. त्यामुळें पद्मिनीच्या नळ्या आणि करवतीचे पडदे एकाच दुखण्यानें अंथरूण धरतात. करवतीच्या पेट्रोलांत तेलही मिसळावें लागतें. हल्लींच्या बहुतेक यंत्रांना लिटरास वीस मिलिलिटर पुरतें. कमी पडलें तर पिस्टन करपतो, अधिक झालें तर नुसता धूर. हें काका आम्हांस समजावून देत असतां आंतून भाभींचा आवाज आला, "फोडणीविषयीं हेंच मी पन्नास वर्षें सांगतें आहें. तें कोणी ऐकत नाहीं."

फोडणीवरून गाडी कढीवर येते, आणि खरें रणकंदन तेथें माजतें. रविवारची सिंधी कढी साईं स्वतः करतात. बेसन तेलावर मंद आंचेवर खमंग तांबूस होईपर्यंत परतावयाचें, मग पाणी, चिंचेचा कोळ, शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटे. सोबत भात, दोनदां तळलेले बटाट्याचे टुक, आणि गोड बुंदी. ताकाचा थेंबही नाहीं! कोंकणस्थाच्या घरांत वाढलेले काका गेलीं कित्येक वर्षें दर रविवारीं तीन वाढ्या घेतात आणि दर रविवारीं हाच आक्षेप नोंदवितात: "ताकावांचून जें होतें तें पिठलें. पातळ झालें म्हणून त्याला कढी म्हणूं नये." साईंचें उत्तर ठरलेलें: "तुमची कढी म्हणजे ताकाला झालेला पश्चात्ताप." आमच्या मतें दोन्ही पक्ष अंशतः खरे आहेत, परंतु तेथें तसें बोलण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं.

बेसन परततांना हात थांबूं देतां येत नाहीं. क्षणभर थांबला कीं तळ लागतो. गेल्या पौषांत, एका थंड सकाळीं, साईंच्या हातून उलथनें गळून पडलें. त्यांनीं तें उचललें. पुन्हां पडलें. भाभींनीं कांहीं न बोलतां कढईपाशीं जागा घेतली आणि साईं ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या उजव्या हाताचीं दोन बोटें पेरांपर्यंत खडूसारखीं पांढरीं पडलीं होतीं. थोड्या वेळानें तीं निळसर झालीं, मग लाल. त्यांनीं हात मांडीखालीं घेतला. सर्वांनीं पाहिलें होतें.

हें दुखणें नवें नाहीं. थरथरणारें यंत्र वर्षानुवर्षें हातांत धरलें कीं बोटांतील बारीक रक्तवाहिन्या व मज्जातंतू बिघडतात. थंडींत बोटें पांढरीं पडतात, पुढें बधिरता येते आणि मूठ कमजोर होते. अमेरिकेंतील इंडियाना प्रांतांत दगड घडविणाऱ्या कामगारांच्या हातांवर डॉक्टर अॅलिस हॅमिल्टन या विदुषीनें १९१८ मध्येंच हें पाहून लिहून ठेवलें. करवतींच्या मुठींना धक्का शोषणारी रचना १९६० नंतरच्या दशकांत येऊं लागली. साईंची आवडती करवत जुन्या बांधणीची. तिच्या मुठीचीं रबरें झिजून दगड झालेलीं. नव्या यंत्रांत ती थरथर पुष्कळ कमी असते. तरीही हातमोजे, मधून मधून विसांवा, आणि लक्षण दिसतांच काम थांबविणें याला पर्याय नाहीं. आमच्या वाचकांपैकीं कोणाच्या घरीं असें यंत्र वापरणारें माणूस असेल, तर त्याचीं बोटें थंडीच्या सकाळीं अवश्य पाहावीं.

परंतु हें साईंना सांगावयाचें कोणीं? ज्या माणसाचा जन्म लांकूड कापण्यांत गेला त्याला 'आतां पुरे' म्हणणें म्हणजे त्याच्या पुढ्यांतलें ताट ओढून घेणें. बागाईतदारानें एकदां आडून आडून डॉक्टरचें नांव काढलें, तेव्हां "आधीं तुझ्या गाडीला दाखव" असें त्याला ऐकावें लागलें. आम्ही पाहुणे, आम्हांस बोलण्याचा अधिकार नव्हता. भाभींनीं बोलून पाहिलें असावें. त्यांचे डोळे तसें सांगत होते.

पुढच्या रविवारीं काकांनीं मोटारीचा विषय काढला. "साईं, जुन्या गाडीचा मालक आणि मेकॅनिक यांत मोठा कोण?"

"मेकॅनिक," साईं म्हणाले. "मालक नुसता पैसे देतो."

"मग माझें एक काम करा. माझ्या साखळीची धार महिनाभरांत गेली आहे. दांत तीस अंशांत घासावयाचा असतो. माझा एक वीस होतो, दुसरा चाळीस. करवत सरळ जाण्याऐवजीं प्रदक्षिणा घालते."

आमच्यासारख्या अनभिज्ञांसाठीं सांगावयाचें तर धार लावणें हीच या कामांतली खरी विद्या. साखळीच्या दांताचा आजचा आकार अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स नांवाच्या लांकूडतोड्याला १९४६ मध्यें सुचला, तो लांकूड पोखरणाऱ्या अळीचा जबडा पाहून. ती अळी आडवें-उभें कसेंही खात जाते. डावा जबडा, उजवा जबडा. साखळीवरही एक दांत डावा, एक उजवा. गोल कानशीनें प्रत्येकाला सारखेच हात द्यावे लागतात. त्यांत थरथर नसते, आवाज नसतो. उन्हांत बसून करतां येतें.

साईंनीं काकांकडे बराच वेळ पाहिलें. काय चाललें आहे हें त्यांस कळलें नाहीं असें आम्हांस वाटत नाहीं. टर्नरच्या हाताला तीस अंश साधत नाहींत, ही थाप लहान मुलालाही पटली नसती. ते उठून आंत गेले. परत आले तेव्हां एका हातांत कानस होती आणि दुसऱ्या हातांत ती जुनी करवत. करवत त्यांनीं बागाईतदाराच्या मांडीवर ठेवली. "मुठीचीं रबरें आधीं बदल. तोंवर हिला सुरू करावयाचें नाहीं." मग काकांना म्हणाले, "द्या ती साखळी. धार मी लावीन. तिघांच्याही. पण पद्मिनी मीच चालविणार."

"ती चालली तर अवश्य चालवा," काका म्हणाले.

भाभी आंत हंसल्या. त्या दिवशींची कढी त्यांनीं केली होती; बेसन किंचित अधिक परतलें गेलें होतें, असें साईंचें म्हणणें पडलें. काकांनीं चौथी वाढी घेऊन त्यास दुजोरा दिला आणि ताकाचा आक्षेप नेहमींप्रमाणें नोंदविला.

निघतांना आमच्या हातीं कढीचा स्टीलचा डबा आला. तो आतां घासून स्वयंपाकघरांत पालथा घातलेला आहे, आणि रिकामा डबा परत करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. त्यांत थालीपिठाची भाजणी पाठवावी असें आमच्या मातोश्रींचें मत. ताकाची कढीच पाठवावी असा सूनबाईंचा आग्रह. रविवारपर्यंत निकाल लागावयाचा आहे.