शब्दांची पारख : बोगस

छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसविलेल्या शाहूपुरीची भाषा मुळातच बाजारपेठेची. गुळाचा रवा पाहून त्याचा कस सांगणाऱ्या या पेठेला खोट्या मालासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. खोटा, नकली, बनावट, भेसळीचा असे कितीतरी शब्द होते. तरीही पेढीवर ‘बोगस’ येऊन बसला.

हा शब्द अमेरिकेचा, आणि जन्माने विशेषणही नव्हे. १८२७ मध्ये ओहायो प्रांतातील पेन्सव्हिल येथे खोटी नाणी पाडणारी टोळी पकडली गेली. तिच्या चमत्कारिक यंत्राला जमावातील कोणी ‘बोगस’ म्हटले, असे तेथील संपादकाने पुढे लिहून ठेवले आहे. यंत्राचे नाव नाण्याला लागले, नाण्यावरून ते सर्व खोट्या वस्तूंना. त्यामागची व्युत्पत्ती कोणी न्यू इंग्लंडमधील भुताखेतांच्या शब्दाशी जोडतो, कोणी आफ्रिकेतील हौसा भाषेशी, दोन्ही तर्कच. पुढे अमेरिकन तरुणांनी ‘टाकाऊ’, ‘अन्यायाचे’ अशा अर्थांनीही तो वापरला. आपल्याकडे पडेल चित्रपटही बोगसच असतो!

मराठीत तो सहज रुळला, कारण त्याला लिंगवचनाची तोशीस नाही. बोगस बियाणे, बोगस पावती, बोगस मतदार. मात्र येथे अर्थ सरकला. खोटे नाणे सर्वांगी खोटे असते. बोगस डॉक्टर हा हाडामांसाचा माणूस, खोटी असते ती पदवी. बोगस बिलात तर कागद खरा, क्रमांक खरा, शिक्काही खरा. नसतो तो फक्त माल. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १३२ नुसार अशा व्यवहारातील कराची रक्कम पाच कोटींवर गेल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. तरी ‘बोगस बिल’ हा उच्चार कसा हलकाफुलका वाटतो! ‘चोरीचे बिल’ म्हणताना जीभ अडखळेल.

जैन परंपरेने ती अडखळण टाळलेली नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आहेत. त्यांतील शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे खऱ्यासारखे दिसणारे खोटे खरे म्हणून चालविणे. श्वेतांबर श्रावक प्रतिक्रमणात ‘वंदित्तु’ म्हणतात, त्यातही हा दोष येतो. त्याच्याच पंक्तीला खोटी मापे आहेत. ‘बोगस’ला इतका नेमका प्रतिशब्द दुसरा नाही, आणि तो चोरीच्या सदरात मांडलेला आहे.