मूत्राशय काढले, तरी तपासणी सोडू नका



कॅन्सरमुळे ज्यांचे मूत्राशय काढून टाकावे लागले, त्यांच्या घरून एक प्रश्न हमखास येतो. "ज्या अवयवात कॅन्सर होता तो अवयवच आता पोटात नाही. मग तो परत येईल तरी कुठे?" प्रश्न रास्त आहे. घराने मोठे ऑपरेशन सोसलेले असते, साठवलेला पैसा खर्च झालेला असतो, अब्बा पुन्हा हिंडू-फिरू लागलेले असतात. दोन-तीन वर्षे रिपोर्ट चांगले आले की "आता कशाला पुन्हा मुंबईची खेप?" असे वाटू लागते. नेमके इथेच सावध राहायला हवे. का, ते या महिन्यात पाहू.

अस्तर एकच आहे

लघवी मूत्रपिंडात तयार होते, दोन बारीक नळ्यांतून म्हणजे मूत्रवाहिन्यांतून खाली उतरते, मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. या सगळ्या रस्त्याला आतून एकाच जातीच्या पेशींचे अस्तर असते. मूत्राशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा याच अस्तरात सुरू होतो. तंबाखूच्या धुरातील विषारी द्रव्ये रक्तातून मूत्रपिंडात येतात, लघवीत उतरतात आणि वर्षानुवर्षे हे अस्तर भिजवत राहतात. मूत्राशयात लघवी जास्त वेळ थांबते म्हणून तिथे घाव लवकर बसतो. पण वरच्या नळ्यांचे अस्तरही त्याच पाण्यात भिजलेले असते.

रंगाच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना हा आजार होतो, हे जर्मनीच्या फ्रँकफर्ट शहरातील शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी 1895 मध्येच दाखवून दिले होते. आज मात्र सर्वांत मोठे कारण सिगारेट आणि बिडी हेच आहे.

म्हणून मूत्राशय काढले तरी उरलेले अस्तर जागच्या जागी असते. कॅन्सर परत येतो तो मुख्यतः तीन ठिकाणी. पहिले ठिकाण ओटीपोटातील मूळ जागा, तिथल्या लसिका गाठी किंवा फुप्फुस, यकृत, हाडे यांसारखे दूरचे अवयव. हे बहुतेक करून पहिल्या दोन-तीन वर्षांत दिसते. दुसरे ठिकाण मूत्रमार्गाचा उरलेला भाग. तिसरे ठिकाण मूत्रवाहिनी आणि मूत्रपिंडातील पोकळी. या तिसऱ्या ठिकाणी तो शंभरातील दहापेक्षाही कमी रुग्णांत परततो, पण पुष्कळदा उशिरा, तीन वर्षे उलटल्यावर किंवा त्याच्याही नंतर. "पाच वर्षे झाली, सुटलो" हा हिशेब इथे लागू पडत नाही.

खुणा कोणत्या?

मूत्राशय काढल्यावर आतड्याचा सुमारे एक वीतभर तुकडा घेऊन त्याला दोन्ही मूत्रवाहिन्या जोडतात आणि त्याचे तोंड पोटावर उघडतात. त्यावर पिशवी लावलेली असते. अमेरिकेतील युजीन ब्रिकर यांनी 1950 मध्ये ही पद्धत मांडली आणि ती आजही सर्वाधिक वापरली जाते. काही रुग्णांना आतड्याचेच नवे मूत्राशय करून देतात.

पिशवीत पांढरट धागे दिसतात, ते आतड्याचा चिकट स्राव असतो. त्याची भीती नको. लाल किंवा चहासारखा रंग दिसला तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. कमरेच्या एका बाजूला मंद दुखणे, थंडी वाजून वारंवार ताप येणे, वजन उतरणे याही खुणा आहेत. कित्येकदा काहीच जाणवत नाही आणि फक्त सोनोग्राफीत एक मूत्रपिंड फुगलेले दिसते. नळी जिथे आतड्याला जोडली आहे तो सांधा आक्रसला तरी असे होते. म्हणून फुगलेले मूत्रपिंड म्हणजे कॅन्सरच असे समजू नये, आणि तपासल्याशिवाय सोडूही नये.

तपासणीत रक्तातील क्रिएटिनिन, लघवीतील पेशींची तपासणी आणि औषध टोचून केलेले सीटी स्कॅन असते. लघवीत आतड्याच्या पेशीही येत असल्याने पेशींचा रिपोर्ट वाचणे अवघड जाते. त्या एकाच कागदावर विसंबू नये.

दुसरे ऑपरेशन अवघड का?

मूत्रवाहिनीत किंवा मूत्रपिंडाच्या पोकळीत घातक गाठ सापडली, ती पसरलेली नसली आणि दुसरे मूत्रपिंड चांगले असले, तर त्या बाजूचे मूत्रपिंड आणि पूर्ण मूत्रवाहिनी काढणे हा मुख्य उपाय. नळीचा तुकडा मागे ठेवत नाहीत, कारण त्याच तुकड्यात गाठ पुन्हा उगवू शकते. शेवटी नळी आतड्याला जिथे जोडली आहे, तो सांधाही काढून भोक शिवून घ्यावे लागते.

सांगायला सोपे, करायला कठीण. पहिल्या ऑपरेशननंतर आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटलेली असतात. डावी नळी तर मोठ्या आतड्याच्या मागून वळवून उजवीकडे आणलेली असते. ज्या आतड्याच्या तुकड्यावर आता दुसऱ्या मूत्रपिंडाची लघवीही अवलंबून आहे, त्याचा रक्तपुरवठा दुखावला तर चांगल्या बाजूचेही नुकसान. काम मूत्रपिंडापासून ओटीपोटापर्यंत पसरलेले असल्याने उघड्या ऑपरेशनात चीर लांब द्यावी लागते, कधी दोन चिरा.

रोबोट नक्की काय करतो?

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. सर्जन त्याच खोलीत एका यंत्रासमोर बसतात आणि त्यांच्या बोटांच्या हालचालीप्रमाणे यंत्राचे हात हलतात. छोट्या छिद्रांतून गेलेल्या अवजारांना मनगटासारखे वळण असते, हाताची सूक्ष्म थरथर गाळली जाते आणि पोटातील दृश्य मोठे व खोलीसह दिसते. साध्या दुर्बिणीच्या ऑपरेशनातील अवजारे सरळ काड्यांसारखी असतात. चिकटलेली आतडी सोडवणे आणि खोल जागी टाके घालणे, या दोन कामांत मनगटाच्या वळणाचा फायदा होतो.

दा विंची या यंत्राला अमेरिकेत 2000 मध्ये मान्यता मिळाली. 2003 मध्ये डेट्रॉइटचे डॉ. मणी मेनन यांनी इजिप्तमधील मन्सुरा येथील मूत्रविकार केंद्राच्या डॉक्टरांबरोबर रोबोटच्या मदतीने मूत्राशय काढण्याचा अनुभव प्रसिद्ध केला. नाईलच्या काठी बिल्हार्झिया नावाच्या कृमीमुळे मूत्राशयाचा कॅन्सर पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या प्रमाणावर होत आला. त्यामुळे या आजाराच्या शस्त्रक्रियेत मन्सुराच्या डॉक्टरांचा हात बसलेला होता.

फायदा किती, हेही सरळ सांगायला हवे. मूत्राशय काढण्याच्या पहिल्या ऑपरेशनात रोबोट आणि उघडी पद्धत यांची समोरासमोर तुलना झाली आहे. अमेरिकेतील 'रेझर' या चाचणीत, जी 2018 मध्ये प्रसिद्ध झाली, दोन वर्षांनंतर आजार न वाढलेल्या रुग्णांचे प्रमाण रोबोट गटात 72.3 टक्के आणि उघड्या ऑपरेशनच्या गटात 71.6 टक्के होते, म्हणजे जवळपास सारखेच. रोबोटने रक्त कमी गेले आणि रुग्णालयातला मुक्काम थोडा कमी झाला. वेळ मात्र जास्त लागला. मूत्राशय काढलेल्या रुग्णाच्या दुसऱ्या ऑपरेशनासाठी आधार आहे तो लहान गटांवरील अनुभवाचा. निवडक रुग्णांत ते सुरक्षितपणे करता येते, एवढे त्यातून म्हणता येते. गाठ मोठी असेल, आजूबाजूला घुसली असेल, तर उघडे ऑपरेशनच बरे, कारण गाठ फुटून पेशी पोटात सांडणे हा मोठा धोका आहे.

ऑपरेशनआधी विचारायचे प्रश्न

एक, उरलेले मूत्रपिंड किती काम करते? ते आधीच कमजोर असेल तर मूत्रपिंड वाचवून फक्त गाठ लेसरने जाळणे किंवा नळीचा तेवढाच भाग काढणे शक्य आहे का, हे विचारा. गाठ सौम्य जातीची असेल तर हा मार्ग उपयोगी पडतो.

दोन, केमोथेरपी आधी की नंतर? सिस्प्लॅटिन हे प्रभावी औषध देण्यासाठी मूत्रपिंड चांगले लागते. एक मूत्रपिंड काढल्यावर ते देणे कधी कधी शक्य होत नाही. म्हणून हा निर्णय ऑपरेशनच्या आधी, कॅन्सरच्या औषधांच्या डॉक्टरांसह घ्यावा.

तीन, सर्जनचा अनुभव किती? आधी पोट उघडलेल्या, पिशवी असलेल्या रुग्णांवर त्यांनी असे ऑपरेशन केले आहे का? उत्तम उघडे ऑपरेशन करणारा अनुभवी हात नवख्या हातातील रोबोटपेक्षा चांगला.

चार, खर्च. विमा नियामकाने 2019 मध्ये रोबोटिक शस्त्रक्रियेसह काही आधुनिक उपचार पॉलिसीत समाविष्ट करण्याची सूचना दिली, पण कंपन्या त्यावर रकमेची मर्यादा घालू शकतात. पॉलिसीचा तो भाग आधी वाचा. केवळ रोबोटसाठी दागिने विकण्याची किंवा मुलीच्या शिक्षणाचे पैसे मोडण्याची गरज नाही. ऑपरेशन वेळेवर आणि पूर्ण होणे महत्त्वाचे.

पिशवी आणि नमाज

काही बुजुर्ग पिशवी लागल्यावर मशिदीत जाणे सोडतात. लघवी सतत येते, मग वुजू कसा टिकणार, या विचाराने मनातल्या मनात कुढतात. आपल्या फिकहमध्ये अशा व्यक्तीला माजूर म्हणतात आणि तिला सवलत आहे. हनफी मतानुसार प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी एक वुजू पुरतो. त्या वेळेत लघवी येत राहिली तरी त्या कारणाने तो तुटत नाही. आपल्या कोकणातील बंधू शाफई मताचे आहेत. त्यांच्याकडे वेळ झाल्यावर प्रत्येक फर्ज नमाजसाठी वेगळा वुजू करतात. बारकावे आपल्या आलिमांना विचारावेत. नमाजपूर्वी पिशवी रिकामी करावी, चिकटपट्टी नीट बसली आहे का पाहावे. रोजाबद्दल मात्र आधी डॉक्टरांशी बोला. एकच मूत्रपिंड असताना पाणी कमी पडणे धोक्याचे ठरू शकते.

घरच्यांनीही एवढे करावे. अब्बांची तपासणीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. जुने सीटी स्कॅन आणि ऑपरेशनचा कागद एका फाइलमध्ये जपावा, कारण नळ्या कुठे आणि कशा जोडल्या आहेत हे दुसऱ्या सर्जनला त्यातूनच कळते. आणि घरात कोणाची बिडी-सिगारेट अजून चालू असेल, तर ती बंद करण्यासाठी रमजानची वाट पाहू नये. आजार झाल्यानंतर सोडली तरी फायदा होतोच, आणि शेजारी बसलेल्या मुला-नातवंडांनाही तो मिळतो.